डानाच्या खोलीची वाफ

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार. बफेलो

ही वही लॉटीने दिली. मला निवृत्त होऊन पाच आठवडे झाले आणि एवढ्यात बायकोला माझा कंटाळा आला. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तळघरात जाऊन बडबडलास, आता माझं डोकं खाऊ नकोस. काय सांगायचं ते हिला सांग," म्हणाली आणि वही टेबलावर आपटली. आपटली म्हणजे ठेवलीच. हल्ली तिच्या हातून काही आपटलं जात नाही.

तर सांगतो. मी काझिमिर ग्वोझ्देक, वय चौसष्ट, सगळे काझ म्हणतात. वाफेवर तापणारी घरं नीट करणं हा माझा धंदा. या शहराच्या पूर्व भागात असं तळघर नसेल जिथे मी गुडघे टेकले नाहीत. आणि माझ्याच घरात माझी बायको संध्याकाळी स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल घेऊन बसते. शेजारच्यांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आज प्रत्येक खोलीत थर्मामीटर ठेवून मोजलं. सगळे आकडे फॅरनहाइटचे.
जेवणघर ७०. स्वयंपाकघर ७३. आमची झोपायची खोली ७१. वरची समोरची खोली ६९.

या आकड्यांत थंडी वाजायचं कारण नाही. मी बाह्या वर करून बसलो आहे. पण तिला वाजते.

९ नोव्हेंबर

माझा पहिला मुकादम किलब्राइड म्हणायचा, "पोरा, थंडीची तक्रार आली की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघू नकोस. पाइपाकडे बघ. माणूस काहीही सांगतो, पाइप खोटं बोलत नाही." हे एक वाक्य मी चाळीस वर्षं पोटापाण्यासाठी वापरलं. तेव्हा लॉटीला प्रश्न विचारत बसण्यापेक्षा आज सरळ कामाला लागलो.

आमच्या घरात एकाच पाइपाची पद्धत आहे. ज्या पाइपातून वाफ वर चढते त्याच पाइपातून ती थंड होऊन पाणी बनून खाली उतरते. बॉयलर एक, थर्मोस्टॅट एक, तोही जेवणघरात. एका खोलीला जास्त ऊब आणि दुसरीला कमी द्यायची तर बॉयलरशी बोलून उपयोग नसतो, एकेका खोलीतल्या रेडिएटरशी, म्हणजे वाफेने तापणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या जाळीशी, बोलावं लागतं. ते बोलणं व्हेंटमधून होतं. व्हेंट म्हणजे रेडिएटरच्या कुशीत बसवलेली अंगठ्याएवढी निकेलची कुपी. तिच्या भोकातून आतली हवा सूं सूं करत बाहेर पडते, मग वाफ आत शिरते. भोक मोठं तर खोली लवकर तापते, लहान तर उशिरा.

मी आमच्या खोलीत मोठ्या भोकाचा व्हेंट लावला, स्वयंपाकघरात आणि जेवणघरात लहान. आणि वरच्या समोरच्या खोलीतला रेडिएटर व्हॉल्व फिरवून बंद केला.

ती डानाची खोली. आमची मुलगी. नऊ वर्षं ती या घरात आलेली नाही. रिकामी खोली तापवायची नसते, हे मी गिऱ्हाइकांना पहिल्या भेटीत सांगायचो. पण माझ्या घरात ते चालत नाही. मी बंद करतो, चार दिवसांनी बघतो तर लॉटीने उघडलेला असतो. मी काही बोलत नाही, तीही बोलत नाही. नऊ हिवाळे हेच चाललं आहे. या वर्षी मात्र माझ्याकडे सबळ कारण आहे. जी वाफ तिकडे वाया जाते ती तिच्याच अंथरुणापाशी आणतो आहे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे पाचला बॉयलर सुरू झाला आणि वरून ठोके ऐकू आले. कोणी हातोड्याने पाइप बडवावा तसे. उठून वर गेलो. डानाच्या खोलीतला व्हॉल्व अर्धवट उघडलेला. तिथेच डोक्यात तिडीक गेली.

न्याहारीला म्हणालो, "लॉटी, छत्तीस वर्षं वाफवाल्याशी संसार केलास. व्हॉल्व एकतर पूर्ण उघडायचा नाहीतर पूर्ण बंद करायचा. अर्धा ठेवला की पाणी आत अडकतं आणि वाफ त्याला धडका देते. हे मी तुला किती वेळा सांगितलं?"

"बरेचदा."

"मग?"

"मला अर्धाच फिरवता आला," ती म्हणाली आणि चहात साखर ढवळत बसली.

"मुळात कशाला फिरवायचा? तिथे कोण राहतं?"

 तेवढ्यात तिची बहीण स्टेफी गाडी घेऊन आली आणि तिला खरेदीला घेऊन गेली. दोघी चार तासांनी परतल्या. हातात एक पिशवी नाही. लॉटीचा चेहरा पांढराफटक. स्टेफीच्या तोंडाला लगाम नाही, तिने बोलून बोलून हिला दमवलं असणार.

१५ नोव्हेंबर

डानाच्या खोलीतला व्हॉल्व खोलून साफ केला, दांडीला ग्रीस लावलं. माझ्या दोन बोटांनी फिरतो. कालही फिरत होताच म्हणा. बायकांच्या हातात जोर कमी. परत घट्ट बंद करून खाली आलो.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आमची खोली ७४. लॉटी म्हणते गारठा आहे. थर्मामीटरच खोटा असेल म्हणून बाजारातून दुसरा आणला. दुसराही ७४ दाखवतो.

स्टेफी आज परत तिला घेऊन गेली. परत आली तेव्हा लॉटी तडक जाऊन आडवी झाली, आणि ही बया माझ्यासमोर कोट न काढता बसून राहिली.

"काय रे काझ, हे दोन दोन थर्मामीटर कशाला?"

"तुझ्या बहिणीला थंडी वाजते, त्याचा शोध लावतोय."

"लागला?"

"लागेल. उत्तरेकडच्या भिंतीतून वारा येतो असा मला संशय आहे."

"तुला भिंतीतलं बरं दिसतं," ती म्हणाली. "कधी चष्मा पुसून बायकोकडेही बघ."

मी म्हणालो, माझा चष्मा स्वच्छ आहे. त्यावर ती हसेल असं वाटलं होतं, पण उठून निघून गेली. या घराण्यातल्या बायकांचं मला कधीच कळलं नाही.

लॉटीची लग्नाची अंगठी बोटातून निसटते म्हणून तिने आतून दोरा गुंडाळला आहे. सोनाराकडे टाकू म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, आता कशाला." धातू थंडीत आकसतो, अंगठी उलट घट्ट व्हायला हवी होती.

२३ नोव्हेंबर

सणाचं जेवण. स्टेफीने टर्की आणली, लॉटीने दोन घास खाल्ले. स्वयंपाकघर फार तापतं, तिथे उभं राहिलं की भूक मरते. तिथल्या व्हेंटचं भोक आणखी लहान केलं.

२९ नोव्हेंबर

आज दुपारी मजा आली. मी आमच्या खोलीत व्हेंट बदलत होतो. लॉटी अंथरुणावर उशीला टेकून बघत होती. अचानक म्हणाली, "हे चालतं कसं ते मला सांग. नीट सांग."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी खाली फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बॉयलर बंद असतो तेव्हा रेडिएटर रिकामा नसतो, त्यात हवा भरलेली असते. वाफ येते आणि दारात उभी राहते. आतली हवा बाहेर गेली तरच तिला आत जागा होते. व्हॉल्व सताड उघडा असला आणि हवेला बाहेर जायला भोक नसलं, तर वाफ उंबऱ्यावरून परत फिरते. रेडिएटर थंडगारच राहतो.

"म्हणजे वाफेला आणायला काही करावं लागत नाही," ती म्हणाली. "आत जे कोंडलंय ते सोडायचं."

"हां, तसंच."

"काझ, डानाच्या खोलीतला चालू करशील?"

मी पाना खाली ठेवला. तिला समजावलं, की वाफ ठरावीक आहे. तिकडे दिली की इकडे कमी पडते. तुलाच थंडी वाजते आणि तूच असं म्हणतेस.

"मला कमी पडली तर चालेल."

"मला चालणार नाही," मी म्हणालो.

तिने शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाली, "तू तिला त्या दिवशी काय म्हणाला होतास ते आठवतं?"

आठवतं. एक लग्न मोडलेल्या माणसाशी तिने चर्चबाहेर लग्न करायचं ठरवलं होतं. मी जेवणघरात उभा राहून म्हणालो होतो, या घराची ऊब तुझ्यासाठी नाही. आणि ती दारातून बाहेर पडल्यावर वर जाऊन तिचा रेडिएटर बंद केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉटीने तो उघडला. पण हे मी बोलून दाखवलं नाही. "जुनं कशाला उकरतेस," म्हणालो आणि हत्यारं गोळा केली.

३ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये ओपवाटेक आले, म्हणजे नाताळच्या वड्या. नवा पोप आपल्या पोलंडचा झाल्यापासून फादरांचं प्रवचन दुप्पट लांबलं आहे, पण वड्या तेवढ्याच पातळ. कागदासारखी पांढरी, पीठपाण्याची वडी, नाताळच्या आदल्या दिवशी जेवणाआधी सगळे एकमेकांच्या वडीचा तुकडा मोडून खातात आणि मागचं सगळं माफ करतात. जो दूर असतो त्याला टपालाने पाठवतात. पाठवायच्या आधी घरच्यांनी प्रत्येकाने तिचा एक कोपरा मोडून खायचा, म्हणजे आम्ही आमचा वाटा घेतला, आता तू घे.

लॉटी दर वर्षी डानाला क्लीव्हलँडला एक पाठवते. एक कोपरा मोडलेली. मला माहीत आहे, मी तिकडे कानाडोळा करतो.

आज तिने वडी माझ्यासमोर धरली. "तू पण एक कोपरा मोड."

"तूच मोड नेहमीसारखा."

"माझ्या बोटांत मोडायचंही बळ नाही रे."

"कागदासारखी तर आहे," मी म्हणालो आणि बॉयलरचं पाणी बघायला तळघरात गेलो. पाणी ठीक होतं. तरी बराच वेळ खाली थांबलो.

७ डिसेंबर

डानाच्या खोलीतला व्हॉल्व परत अर्धा उघडा. पहाटे परत ठोके. आता पुरे झालं.

भांडण नको म्हणून युक्ती केली. तिथला व्हेंट काढून घेतला आणि त्या जागी पितळेचं बूच आवळून बसवलं. आता लॉटी व्हॉल्व अर्धा उघडो की पूर्ण, हवा बाहेर जाणार नाही, वाफ आत येणार नाही, ठोकेही येणार नाहीत. तिला सांगितलं नाही. तिचं समाधान राहील आणि माझी वाफही वाचेल. किलब्राइड असता तर पाठ थोपटली असती.

संध्याकाळी आमची खोली ७६.

१२ डिसेंबर, मंगळवार

आज लॉटी एकदाही थंडी वाजते म्हणाली नाही. पाच आठवड्यांत पहिला दिवस. चेहऱ्यावर रंगही आहे. स्टेफीबरोबर गेली नाही, फोनवर मात्र बराच वेळ बोलत होती. मी आत गेलो की गप्प व्हायची. नाताळच्या भेटीचं काहीतरी कारस्थान असणार. मला म्हणाली, "गुरुवारी तुला कुठे बाहेर जायचं नाही का?" मी म्हणालो, शहराच्या त्या टोकाच्या दुकानात आणखी मोठ्या भोकाचा व्हेंट मिळतो, तो आणायचाय. "मग गुरुवारी जा," म्हणाली. "सावकाश ये."

पाइप सुधारला की माणूस सुधारतो. हेच तर सांगत होतो.

१४ डिसेंबर

लॉटी हॉस्पिटलात आहे.
डानाच्या खोलीत सापडली. थर्मामीटर ४१.
आणखी लिहवत नाही.

१६ डिसेंबर

काय झालं ते लिहून ठेवतो.

मी गुरुवारी अकराला गेलो, पावणेदोनला परतलो. खाली हाका मारल्या, उत्तर नाही. वर गेलो. तिने डानाच्या पलंगावर धुतलेल्या चादरी घातल्या होत्या. निम्म्याच खोचल्या होत्या, पुढे जमलं नसणार. उशीला नवा अभ्रा. व्हॉल्व पूर्ण उघडलेला होता. पलंगाच्या कडेला बसून तिने एक हात रेडिएटरवर ठेवला होता, ऊब येते का ते बघायला. ओठ निळे. मला ओळखलं नाही. "येईल आता, थोडा वेळ लागतो," एवढंच म्हणत होती.

अँब्युलन्स दारात असतानाच स्टेफीची गाडी आली. तिच्या शेजारी डाना बसली होती. ती क्लीव्हलँडच्या बसने आली होती. लॉटीने तिला बोलावलं होतं. खोली तापवून ठेवते, म्हणाली होती.

स्टेफीने मला कॉरिडॉरमध्ये सगळं सांगितलं. रक्ताचा आजार आहे. ऑगस्टपासून. मंगळवारची खरेदी म्हणजे रक्त चढवणं. रक्तच नसेल तर माणसाला ७६ मध्येही थंडी वाजते. सप्टेंबरातच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा हिवाळा निघणार नाही.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तिने शपथ घातली होती. आणि काझ, मी सांगितल्याशिवाय का राहिले? चष्मा पूस म्हणाले ना तुला?"

मी बेंचवर बसलो. स्टेफी शिव्या देईल असं वाटलं, पण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते जास्त लागलं.

डानाच्या केसांत पांढरे आलेत. एकतीस वर्षांची आहे. तिने मला पूर्वीसारखं "तातो", म्हणजे बाबा, म्हटलं नाही, नुसती मान हलवली.

१७ डिसेंबर, रविवार

लॉटी शुद्धीवर आहे. हात बर्फासारखे. मी विचारलं, मला का फसवलंस.

"फसवलं नाही रे," ती म्हणाली. "तू पाना घेऊन घरभर फिरत होतास. म्हणायचास, आज हे भोक मोठं केलं, उद्या ते लहान करतो. मला ऐकायला बरं वाटायचं. जणू घरात काही बिघाड आहे आणि तू तो दुरुस्त करणार आहेस. तुला सांगितलं असतं तर तू पाना खाली ठेवला असतास."

मला रडू आवरेना. तिच्यासमोर कधी रडलो नव्हतो.

थोड्या वेळाने म्हणाली, "एक सांग. मी व्हॉल्व पूर्ण उघडला होता. दोन्ही हातांनी, थांबत थांबत. तुझ्या म्हणण्याप्रमाणे अर्धा नाही ठेवला. मग तापला का नाही?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"वरच्या मजल्यावरचा शेवटचा रेडिएटर आहे," मी म्हणालो. "त्याला वेळ लागतो. आणखी थोडा वेळ थांबली असतीस तर तापला असता."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "मीच घाई केली." आणि डोळे मिटले.

२० डिसेंबर

लॉटी काल सकाळी गेली. डाना एका बाजूला होती, मी दुसऱ्या. डॉक्टर म्हणाले, त्या खोलीतल्या थंडीने काही फरक पडला नाही, दोन-तीन आठवडेच उरले होते. चांगला माणूस आहे. मी त्यांना बुचाचं सांगितलेलं नाही.

२२ डिसेंबर, शुक्रवार

दफन झालं. जमीन इतकी गोठलेली की कुदळीने भागेना, यंत्र आणावं लागलं.

डाना आठवडाभर स्टेफीकडे राहत होती. आज दफनानंतर इथे आली, आईचे कपडे आवरायला. वर गेली ती खाली येईना. जाऊन बघितलं तर तिच्या पलंगावर कोट घालून बसली होती. तोंडातून वाफ निघत होती. चादर अजून निम्मीच खोचलेली.

तिने रेडिएटरला हात लावला. "हा बिघडलाय का?"

हॉस्पिटलात एकदा खोटं बोललो होतो. परत जमेना. सगळं सांगितलं. अर्धा व्हॉल्व, ठोके, पितळेचं बूच. लॉटी व्हॉल्व उघडून रेडिएटरवर हात ठेवून बसली असताना हवा आतच कोंडलेली होती हे सांगितलं. मी तिला काय उत्तर दिलं तेही.

डानाने रेडिएटरवरचा हात काढून कोटाच्या खिशात घातला. मग म्हणाली, "आई दर रविवारी मला फोन करायची, तुम्ही चर्चमधून परस्पर पत्त्यांच्या अड्ड्यावर जायचात तेव्हा. सांगायची, तुझ्या खोलीतला चालू आहे बरं का, आज सकाळी सूं सूं आवाज येत होता. नऊ वर्षं सांगत होती. मला वाटायचं, तुम्हालाही ते ठाऊक असणार, आणि तुम्ही चालू देता."

"मी बंद करायचो," मी म्हणालो. "ती उघडायची."

"ते तिने कधी सांगितलं नाही."

बाहेर अंधारून आलं होतं. ती उठली नाही. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि म्हणाली, "तातो, बूच काढा."

मी पाना आणला. मीच आवळलेलं बूच हलेना, पाना निसटत राहिला. तिने माझं मनगट धरलं, मग बसला. बूच काढून व्हेंट लावला. खाली जाऊन थर्मोस्टॅट वर केला, परत येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसलो. वीस मिनिटं काही नाही. मग सूं सूं सुरू झालं. हवा जात होती, आधी थंड, मग दमट, मग कोमट. पाइपाजवळची पहिली पट्टी तापली, मग दुसरी. 

बऱ्याच वेळाने डानाने कोट काढला आणि खुर्चीवर टाकला. मग उरलेली चादर खोचली.

२४ डिसेंबर, रविवार

टेबलावर तीन ताटं मांडली. डाना, स्टेफी, मी. शिवाय अनोळखी पाहुण्यासाठी एक असतंच, ते मांडताना स्टेफीचा धीर सुटला.

ओपवाटेक शोधायला लॉटीचा ड्रॉवर उघडला. तिथे एक लिफाफा होता, त्यावर डानाचं नाव, पत्ता, अक्षर वेडंवाकडं. तिकीट लावलेलं. टाकला नव्हता. आतली वडी अख्खी होती, चारही कोपरे शाबूत. तीन तारखेला माझ्यासमोर धरली होती तीच. तिने स्वतःचाही कोपरा मोडला नव्हता. माझी वाट बघत ठेवली होती.

मी ती डानासमोर धरली.

"दर वर्षी एकच कोपरा मोडलेला असायचा," ती म्हणाली. "लिफाफा उघडला की आधी दुसरा बघायचे."

मी कोपरा मोडला. काही मोडावं लागलंच नाही, नुसतं बोट लावलं तर तुटला. लॉटी बरोबर म्हणत होती की तिला जमणार नाही, आणि मी म्हणालो होतो कागदासारखी तर आहे. डानाने दुसरा मोडला. आता माफ करण्याचे शब्द म्हणायचे असतात. मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. ती म्हणाली, "राहू दे तातो, खा." आणि आम्ही खाल्लं.

९ जानेवारी १९७९

डाना एक तारखेला क्लीव्हलँडला गेली. नवऱ्याला घेऊन ईस्टरला येईन म्हणाली. येईल की नाही कोण जाणे. मी म्हणालो, खोली असेल.

बाहेर शून्याच्या खाली दोन. बर्फ खिडकीपर्यंत. आज बऱ्याच दिवसांनी थर्मामीटर घेऊन घरभर फिरलो.

जेवणघर ६९. स्वयंपाकघर ७०, तिथला मोठा व्हेंट परत लावला. डानाची खोली ७०. तिथे कोणी नाही, तरी चालू ठेवला आहे. सकाळी दारात उभा राहून आवाज ऐकून येतो. लॉटीला फोनवर सांगायला तेवढं असायचं, मला सांगायला अजून कोणी नाही, म्हणून इथे लिहितो.

आमची खोली ७६. दोन स्वेटर आणि तिची शाल अंगावर आहे, तरी मला थंडी वाजते. पाइप तपासला. पाइप ठीक आहे.